डेपो आणि टर्मिनल

रिक्षावाल्यास आपण ‘सेंट्रल बस टर्मिनल’ असे सांगितले, तर तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘‘एटले डेपो ने?’’ सयाजीगंजातील, रेल्वे स्थानकाजवळची ही भव्य वास्तू २०१४ साली प्रवाशांसाठी खुली झाली. दशक उलटले, तरी शहराच्या तोंडचा ‘डेपो’ काही सुटला नाही. आमच्या घरात तर अजून ‘एस.टी.वर सोडून ये’ असेच म्हणतात. या दोन शब्दांत बडोदेकर मराठी माणसाचा बराच इतिहास साठलेला आहे.

प्रवासाची सोय करणे हे राज्याचे काम, ही जाणीव बडोद्यास नवी नाही. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई–मियागाम मार्गावर अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, ती बैल जुंपून. रूळ हलके असल्याने त्यांना इंजिनाचा भार सोसवत नसे. पुढे ते बदलले आणि १८८० पासून इंजिने नियमित धावू लागली. सयाजीराव महाराजांनी या लोहमार्गांचा विस्तार केला.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आदल्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, मुंबई सरकारची पहिली एस.टी. पुणे–अहमदनगर मार्गावर धावली होती. तीच एस.टी. पुढे आमच्याकडेही आली. आमचा दांडिया बाजार आणि पुण्याची सदाशिव पेठ अकरा वर्षे एकाच राज्यात नांदली. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले, तशी एस.टी.ही दुभंगली. नव्या गुजरात महामंडळाच्या वाट्यास सात विभाग, ७६ आगारे आणि १,७६७ गाड्या आल्या. धुळे हे आमच्या आजीचे माहेर. ती म्हणत असे, ‘‘निजले तेव्हा माहेर आपल्याच राज्यात होते, उठले तो परमुलखात गेले!’’

मात्र वाटणीत सर्व काही वाटले गेले, तरी नाव दोघांनीही ठेवून घेतले. महाराष्ट्रात ती एस.टी., गुजरातेतही एस.टी.च. सीमा ओलांडताना राज्य बदलते, शब्द बदलत नाही. लहानपणी आम्ही आजोळी जात असू, ते व्यारा, सोनगड, नवापूर या वाटेने. पिलाजीराव गायकवाडांचे मूळ ठाणे ते हेच सोनगड. किल्ल्याचा डोंगर खिडकीतून दिसला, की आजी हात जोडी आणि मग शिदोरीची गाठ सोडी.

पुढे शासकीय सेवेत दौऱ्यांच्या निमित्ताने आम्ही पहाटेच्या गाड्या पुष्कळ पकडल्या. सिमेंटची बाके, भिंतीवर रंगाने लिहिलेले वेळापत्रक, ‘पूछपरछ’ची खिडकी आणि शेजारी उकळणारा चहा, एवढाच त्या काळी प्रवाशाचा थाट होता. आज त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक फलक आहेत, ध्वनिक्षेपकावरून घोषणा होतात, बसावयास प्रशस्त प्रतीक्षालय आहे. वरच्या मजल्यांवर आणि आजूबाजूस दुकाने व उपाहारगृहे आहेत. विमानतळाची आठवण व्हावी, असा हा थाट आहे. त्यामागची योजना सरकारी–खासगी भागीदारीची. जमीन शासनाची, बांधकामाचा खर्च विकासकाचा. प्रवाशांचे स्थानक त्याने उभारावयाचे आणि व्यापारी भागाच्या उत्पन्नातून आपला खर्च भरून काढावयाचा. महामंडळाच्या तिजोरीवर भार न पडता सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसास या योजनेचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि, इमारतीचा खर्च ज्याच्या खिशातून निघतो तो ग्राहक आणि इमारत ज्याच्यासाठी उभारली तो प्रवासी, हे दोघे नेहमी एकच नसतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नाशिकच्या गाडीची वाट पाहत होतो. छोटाउदेपूरकडचे एक वृद्ध जोडपे गाठोडे जवळ घेऊन फरशीवर बसले होते. शेजारी खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही म्हणालो, ‘‘काका, ऊपर बेसो ने.’’ त्यांनी चकचकीत खुर्चीकडे पाहिले आणि हळूच विचारले, ‘‘पैसा आपवा पडे?’’

पैसे पडत नाहीत, असे आम्ही सांगितले, तेव्हा आधी बाईंना बसवून मग ते स्वतः टेकले. त्यांना तसे वाटू दिले, याचा दोष कोणा एकाचा नव्हे. जुन्या सिमेंटच्या बाकावर बसताना मात्र हा प्रश्न कोणास पडत नसे. ते बाक आपलेच आहे, हे सांगावे लागत नव्हते. नव्या वास्तूतील पाणी, सावली आणि खुर्चीही आपलीच आहेत, हे गावाकडच्या शेवटच्या प्रवाशास न विचारता कळावे. त्यासाठी एखादा ठळक फलक लावला, चौकशीच्या खिडकीवरून दोन आपुलकीचे शब्द निघाले, तरी पुष्कळ झाले. आपल्यापैकी जे तेथून जातील, त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवण्याचे तेवढे काम करावे.