रक्ताचं वय

रक्त हा आम्हा कवींचा फार वापरातला शब्द. रक्ताचं नातं, पिढ्यान् पिढ्यांचं रक्त, रक्तात भिनलेली भाषा. मीही तो सढळ हातानं खर्चला आहे. बी.ए.ला मराठी घेतलेला मी माणूस; विज्ञान वाचतो ते हौसेनं. पण रक्ताचं वय माणसानं कसं शोधलं, ती हकिकत कवितेइतकीच मला आवडली. तीच आज सांगतो.

तांबड्या पेशी किती दिवस जगतात, याबद्दल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मतं अनेक होती. दोन-तीन आठवडे, असं पुष्कळांना वाटे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये विनिफ्रेड ॲश्बी या बाईंनी १९१९ मध्ये दाखवलं, की दुसऱ्याला दिलेल्या रक्तातल्या पेशी महिन्याहून अधिक काळ टिकतात. पण ते परक्या शरीरातलं रक्त. स्वतःच्या घरात पेशी किती जगते?

हे उत्तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिळालं. डेव्हिड शेमिन हे तिथले रसायनशास्त्रज्ञ. रक्ताला लाल रंग देणारं ‘हीम’ शरीर कशापासून बनवतं, हा त्यांचा प्रश्न होता. ग्लायसीन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल त्यांनी तयार केलं, पण त्यात नेहमीच्या नायट्रोजनऐवजी थोडा जड नायट्रोजन घातला. तो किरणोत्सारी नसतो. फक्त वजनावरून ओळखू येतो. धोब्यानं कपड्यावर खूण करावी, तशी ही खूण. असं ६६ ग्रॅम ग्लायसीन तीन दिवसांत त्यांनी स्वतःच खाल्लं आणि मग महिनोन् महिने स्वतःचं रक्त काढून तपासलं.

खूण हीममध्ये उतरली. म्हणजे ग्लायसीन हा हीमचा कच्चा माल ठरला. पण खरी गंमत पुढे होती. ती खूण सुरुवातीचे काही आठवडे वाढली, मग बरेच दिवस जवळजवळ तशीच राहिली आणि तीनेक महिन्यांनंतर झपाट्यानं उतरली. पेशी रोज कशाही, वयाचा विचार न होता मरत असत्या, तर खूण पहिल्यापासूनच घटत गेली असती. तसं झालं नाही. एकाच सुमारास जन्मलेल्या पेशी आपली मुदत भरल्यावर, एकाच सुमारास गेल्या. शेमिन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड रिटेनबर्ग यांनी १९४६ मध्ये हिशेब मांडला : सरासरी १२७ दिवस. आज आपण साधारण १२० दिवस म्हणतो. मधुमेही मंडळी ‘तीन महिन्यांची साखर’ तपासतात, तिचा आधार हाच. पेशी जगते तितके दिवस तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते.

पुढे याच मंडळींनी आजारी माणसांचं रक्त तसंच तपासलं. १९४९ मध्ये त्यांनी सिकलसेलच्या रुग्णांबद्दल लिहिलं : इथे मुदतीचा नियमच मोडलेला. पेशी तरुण असो की म्हातारी, कधीही फुटते. शरीर नव्या पेशी बनवत राहतं, तरी रक्त पुरत नाही. म्हणून हा पांडुरोग नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. आणि म्हणूनच अशा रुग्णाची तीन महिन्यांची साखर खोटी कमी दिसू शकते; साखर चिकटायला पेशीला पुरेसे दिवसच मिळत नाहीत.

आपल्याकडे गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये आणि विदर्भातल्या कितीतरी वस्त्यांत हा आजार आहे. थकलेल्या पोराला आळशी म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासायला हवं. २०२३ मध्ये देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. ती तपासणी गावापर्यंत पोचली पाहिजे.

पिढ्यांचं रक्त म्हणून आपण अभिमान धरतो, भांडतोही. तुमच्या-माझ्या अंगातली तांबडी पेशी गेल्या चार महिन्यांतली आहे. पिढ्यांकडून येते ती ती घडवण्याची रीत. त्या रीतीत कुणाच्या वाट्याला एक चूक आली असेल, तर त्याच्या थकव्याला नावं ठेवू नयेत, इतकं तरी या इतिहासातून घेता येईल.