प्लिकर्स

छापील कार्डे आणि शिक्षकाचा एकच स्मार्टफोन यांच्या साहाय्याने वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर जागच्या जागी गोळा करणारे ऑनलाइन साधन. पाठ चालू असतानाच मुलांना काय उमगले, कुठे अडले हे शिक्षकाला कळावे आणि त्याप्रमाणे पुढचे शिकवणे बदलता यावे, यासाठी ते वापरतात. अशा पडताळणीला आकारिक मूल्यमापन म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गणित शिकवणाऱ्या नोलन एमी यांनी ते तयार केले. विद्यार्थ्याच्या हाती कोणतेही यंत्र द्यावे लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जातो अशा मुलांच्या शाळेत किंवा मुलांना मोबाइल आणायला बंदी असलेल्या शाळेतही ते म्हणूनच चालते.

कार्ड आणि त्याचे वाचन : प्रत्येक कार्डावर क्यूआर कोडची आठवण करून देणारी काळी-पांढरी चौकटींची आकृती असते. आकृतीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे बारीक टायपात छापलेली असतात. विद्यार्थ्याला जे उत्तर बरोबर वाटते त्या अक्षराची बाजू वर येईल असे कार्ड त्याने छातीसमोर धरायचे. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो. आकृतीवरून कार्डाचा क्रमांक ओळखला जातो आणि तिची कोणती बाजू वर आहे यावरून उत्तर. प्रत्येक कार्डाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याने कार्ड कसे धरले आहे ते पाहून नक्कल करता येत नाही. अक्षरे बारीक असल्याने मागच्या बाकावरून ती वाचताही येत नाहीत. नेहमीच्या संचात ४० कार्डे असतात, मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा संचही मिळतो. ती संकेतस्थळावरून उतरवून साध्या कागदावर छापायची.

आधीची तयारी थोडीच असते. शिक्षकाने खाते उघडून वर्गाची यादी भरायची आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक कार्ड क्रमांक द्यायचा. हजेरीपटावरचा क्रमांक तोच कार्डाचा क्रमांक ठेवला की मुलेही विसरत नाहीत. प्रश्न देवनागरीत टाइप करता येतात. पर्याय जास्तीत जास्त चार, किंवा चूक-बरोबर असे दोनच. वर्गात प्रोजेक्टर असेल तर प्रश्न पडद्यावर येतो आणि ज्यांची उत्तरे नोंदली गेली त्यांची नावे तिथे उमटतात. कोणी काय उत्तर दिले हे मात्र शिक्षकाच्या फोनवरच दिसते. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहूनही काम भागते. शिक्षकाच्या फोनला इंटरनेट लागते.

छापण्याच्या काही खुब्या अनुभवी शिक्षक सांगतात. चकचकीत लॅमिनेशन केलेल्या कार्डावर खिडकीतला उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही, म्हणून कार्डे जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत किंवा बिनचमकीचे आवरण वापरावे. बोटे काळ्या भागावर येता कामा नयेत. पहिली-दुसरीच्या मुलांना कार्ड फिरवण्याचा सराव आधी द्यावा लागतो, नाहीतर मुलाला उत्तर येत असूनही कार्ड उलटे धरले जाते आणि नोंद चुकीची होते.

पूर्वपीठिका : मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित (म्हणजे अखेरीला केलेले) हे दोन प्रकार मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये वेगळे केले. त्यांच्या विवेचनाचा विषय अभ्यासक्रमांचे मूल्यमापन हा होता. तो भेद विद्यार्थ्याच्या शिकण्याला लावण्याचे काम बेंजामिन ब्लूम यांनी केले. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अभ्यासकांनी १९९८ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. उत्तरांतून मिळालेली माहिती शिकवण्यात बदल करण्यासाठी प्रत्यक्ष वापरली गेली, तरच त्या मूल्यमापनाला आकारिक म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. ही कसोटी कडक आहे, आणि प्लिकर्ससारख्या साधनाचा विचार करताना ती सतत हाताशी ठेवावी लागते. कार्डे वर झाली, उत्तरांचा आलेख आला, आणि शिक्षक ठरल्याप्रमाणेच पुढच्या पानावर गेला, तर वर्गात मूल्यमापन झाले पण आकारिक काहीच घडले नाही.

सगळ्या वर्गाने एकाच वेळी उत्तर देण्याची पद्धत या साधनापेक्षा जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या व्याख्यानांत ती रुजवली. एक संकल्पनात्मक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे, असा त्यांचा क्रम. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर चर्चेला अर्थ असतो. त्याहून कमी असतील तर पुन्हा समजावून सांगावे, जास्त असतील तर थोडक्यात उलगडा करून पुढे जावे. यासाठी विद्यापीठांत पुढे बटणांची हातयंत्रे आली, त्यांना क्लिकर म्हणत. शाळांना ती परवडणारी नव्हती. प्लिकर्सने तेच काम कागदावर आणले.

तोंडी प्रश्न विचारून हे का साधत नाही, याचे उत्तर विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातील निरीक्षणांत मिळते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, अधिक मुले बोलू लागतात. पहिल्या बाकावरचे ठरावीक हात वर होतात आणि त्यांच्या उत्तरावरून वर्गाला समजले असे शिक्षक धरून चालतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही शाळेत पाहायला मिळते. कार्डे वर करायला सांगितली की थांबणे आपोआप घडते, कारण ४० मुलांची कार्डे वर येऊन वाचली जाईपर्यंत वेळ जातोच. शिवाय गप्प बसणाऱ्या मुलीचे उत्तरही शिक्षकापर्यंत पोहोचते आणि ती चुकली तरी वर्गात तिचा गवगवा होत नाही. या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

प्रश्नाची घडण : साधन शिकायला एक दुपार पुरते. प्रश्न तयार करायला मात्र विषयाची आणि मुलांच्या विचारपद्धतीची खोल जाण लागते. चुकीचे पर्याय सहज म्हणून टाकलेले असतील तर आलेखातून एवढेच कळते की अमुक मुले चुकली. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एखादी ठरावीक गैरसमजूत असेल तर मुले का चुकली याचा माग लागतो.

दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ‘०.४, ०.३५, ०.१२५, ०.०९ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न वरवर ठीक दिसतो. ०.१२५ निवडणाऱ्या मुलाने दशांशचिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचला, म्हणजे १२५ हे ३५पेक्षा मोठे असे धरले, हे ओळखता येते. पण या प्रश्नात एक फट आहे. अंक जितके कमी तितकी दशांश संख्या मोठी, अशी उलटी समजूतही काही मुलांची असते. मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी या दोन्ही समजुतींचा बारकाईने अभ्यास केला आहे. असे मूल ०.४ निवडते आणि चुकीच्या वाटेने बरोबर उत्तरावर येते. फोनवर त्याच्या नावापुढे हिरवा रंग येतो आणि शिक्षक निश्चिंत होतो. ०.३५च्या जागी ०.६२ घातले की ही फट बुजते. आता पूर्ण संख्येसारखे वाचणारे ०.१२५ धरतील, कमी अंक म्हणजे मोठी संख्या मानणारे ०.४, नुसता मोठा अंक शोधणारे ०.०९ आणि स्थानिक किंमत कळलेले ०.६२. एक संख्या बदलल्याने प्रश्न चाचणीचा राहत नाही, निदानाचा होतो. शिक्षक प्रशिक्षणांत अॅप कसे उघडायचे यावर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी अशा पर्यायांच्या घडणीवर दिला गेला तरी वर्गांना फार उपयोग होईल.

प्रश्न पाठाच्या कोणत्या टप्प्यावर विचारायचा हेही महत्त्वाचे. पुढचा भाग ज्या संकल्पनेवर उभा आहे ती शिकवून झाल्यावर, म्हणजे तासाच्या मध्यावर विचारलेला एक प्रश्न हा तास संपताना विचारलेल्या दहा प्रश्नांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण सुधारायला वेळ हातात असतो. मोफत वापरात एका संचातील प्रश्नांची संख्या मर्यादित असते. वर्गातल्या कामासाठी ती मर्यादा अडचणीची ठरत नाही.

आलेख कधी दाखवायचा याचे भान ठेवावे. पहिल्या फेरीनंतर लगेच स्तंभ पडद्यावर आले की मुले सर्वांत उंच स्तंभाकडे झुकतात आणि आपल्या उत्तरामागचे कारण शोधणे सोडून देतात. म्हणून तो झाकून ठेवावा, ‘बाजूच्याला पटवून सांग’ म्हणावे, दोन-तीन मिनिटे वर्गात कालवा होऊ द्यावा आणि मग दुसरी फेरी घ्यावी.

महाराष्ट्रातील संदर्भ : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील तरतुदीनुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१०च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. त्यात आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनतंत्रे दिली आहेत. आकारिक मूल्यमापनाला भारांशही ठरवून दिला गेला: पहिली-दुसरीला ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. उरलेले गुण संकलित मूल्यमापनाचे.

वार्षिक परीक्षेचे ओझे कमी करणारी ही व्यवस्था दूरदृष्टीची होती. पण आकारिक नोंदींना गुण जोडले गेल्यामुळे त्या नोंदी पुष्कळ शाळांत वर्षअखेरीला भरायच्या रकान्यांत गेल्या. प्लिकर्सचा अहवाल प्रत्येक मुलाचे टक्के तयार स्वरूपात देतो, त्यामुळे तो थेट ‘चाचणी’च्या रकान्यात उतरवण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती दिसली ती केवळ शेरा मिळालेल्यांची. शेऱ्याबरोबर गुणही दिले की शेऱ्याचा फायदा नाहीसा झाला. कार्ड वर करताना गुण जाणार आहेत असे मुलाला वाटले तर ते खरे मत दाखवण्याऐवजी हुशार मुलाचे डोळे कुठे वळतात ते पाहील. मग शिक्षकाला जे जाणून घ्यायचे होते तेच हातातून जाते.

राज्यात ऑनलाइन आकारिक मूल्यमापनाचा एक मोठा प्रयोग टाळेबंदीच्या काळातला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही व्हॉट्सअॅपवर चालणारी साप्ताहिक प्रश्नमालिका सुरू केली. मुलाला उत्तर लगेच कळत असे. मात्र तिथे मूल घरी एकटे उत्तर देत असे. वर्गातली चर्चा तिला जोडलेली नव्हती.

इतर साधने : नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात आल्फ इंगे वांग यांच्या संशोधनातून निघालेले कहूट २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात प्रत्येक मुलाकडे किंवा गटाकडे यंत्र लागते आणि लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. वर्गात उत्साह येतो, पण घाई आणि समज या वेगळ्या गोष्टी आहेत. नवी संकल्पना शिकवताना घड्याळाची शर्यत नको. बंगळूरूमध्ये उभे राहिलेले क्विझिझ (२०२५ पासून वेग्राउंड) मुलाला आपल्या गतीने उत्तरे देऊ देते. गूगल फॉर्म हे मुळात सर्वेक्षणाचे साधन असले तरी लेखी उत्तरे गोळा करण्याची त्याची सोय प्लिकर्सकडे नाही.

मर्यादा : चार पर्यायांत अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. निबंध, आकृती, प्रयोगाची मांडणी, उच्चार यांना हे साधन हातच लावू शकत नाही. भाषाविषयात त्याचा उपयोग बेताचाच. समास ओळखणे जमते, कवितेचा आस्वाद जमत नाही. मुलांची नावे आणि उत्तरे परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर साठतात, ही बाबही गंभीर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पूर्ण नावाऐवजी नुसता हजेरी क्रमांक भरला तरी साधन पूर्ण क्षमतेने चालते, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे शिक्षकाच्या वहीत राहते.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. तिथे दोन इयत्तांचे दोन वर्ग खात्यात वेगळे नोंदवावेत आणि कार्डांचे क्रमांक पुढे चालू ठेवावेत: तिसरीला १ ते १२, चौथीला १३ पासून. एक इयत्ता वहीत गणिते सोडवत असताना दुसरीचा प्रश्न घेता येतो. दोन्ही इयत्तांच्या कार्डांचे क्रमांक निराळे असल्याने उत्सुकतेने कार्ड उचलणाऱ्या मुलाचे उत्तर दुसऱ्या इयत्तेत मिसळत नाही.