गुन्हा रक्तांतला कीं परिस्थितीचा?

एखाद्या मनुष्यानें चोरी केली, तर ती दुष्ट स्वभावामुळें कीं पोटाच्या आगीमुळें, याचा विवेक करूनच त्याच्याविषयीं निर्णय द्यावयाचा असतो. परंतु या देशांत असा एक कायदा होऊन गेला कीं, त्यानें हा विवेकच अनावश्यक ठरविला. तो म्हणजे १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा.

सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, कीं त्या जाहीरनाम्यास हरकत घेण्याचा अधिकार कोणत्याहि न्यायालयास नव्हता. नोंद झालेल्यांनीं हजेरी द्यावी, परवान्यावांचून हद्द सोडूं नये, असे निर्बंध त्यांच्यावर घालतां येत. आरंभीं हा कायदा उत्तरेकडील कांहीं प्रांतांपुरताच होता. १९११ सालीं तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं झाला. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहतच होती.

कायद्याच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद वरवर सरळ दिसे : येथें सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. परंतु सुताराचा मुलगा सुतार होतो तो लहानपणींच हातीं वाकस येतो म्हणून, रक्तामुळें नव्हे. आणि ज्याच्या हातचें साधनच गेलें, त्याचें काय?

लमाणांचें उदाहरण घ्यावें. त्यांचे बैलांचे तांडे शतकानुशतकें धान्य व मीठ वाहून नेत. मोंगल, मराठे आणि इंग्रज या तिघांच्याहि फौजांना त्यांनीं रसद पुरविली. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. पुढें लोहमार्ग देशभर पसरले आणि तांड्यांचा धंदा बसला. ज्यांच्या बैलांवर फौजा जगल्या, त्यांच्यांतीलच कांहीं गटांचीं नांवें पुढें गुन्हेगारांच्या यादींत आलीं. रक्त तेंच होतें. बुडाली ती उपजीविका.

यावरून कोणीच दोषी नसतो, असें मात्र ठरत नाहीं. धंदा बुडूनहि मोलमजुरी करून सचोटीनें राहणारे पुष्कळ होते. सर्व दोष परिस्थितीच्या माथीं मारणें म्हणजे त्यांच्या सचोटीचा अपमान होय. परिस्थिति समुदायाच्या दुर्गतीचें कारण सांगते. दोष मात्र ज्याच्या त्याच्या कृत्यावरून, पुराव्यानेंच ठरवावा लागतो. या कायद्यानें परिस्थिति पाहिली नाहीं आणि कृत्यहि पाहिलें नाहीं. पाहिला तो केवळ जन्म.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. तथापि गांवांत चोरी झाली, कीं पहिलें बोट अजूनहि कोणाच्या पालाकडे वळतें? मनांतील जाहीरनामा रद्द करण्याचें काम कोणत्याहि कायदेमंडळाचें नव्हे. तें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.