मंडला, नागपूर, पॅरिस

आमच्या मोहगावातील एका घरचा मुलगा चित्रकला शिकण्यासाठी परदेशी गेला. त्यानंतर काही दिवसांनी त्याची आजी आम्हांस अर्धनारीश्वराच्या देवळात भेटली आणि म्हणाली, "भाऊ, पोट्टा तिकडचाच होऊन जाईन का?" आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. मात्र त्या प्रश्नाने सय्यद हैदर रझा यांची आठवण झाली.

रझा मराठी नव्हते, पण आपल्याच जुन्या मध्यप्रांताचे होते. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे २२ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने बालपण नर्मदेकाठच्या अरण्यात गेले. शाळेत चित्त स्थिर होईना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहावयास सांगितले, ही आठवण रझा म्हातारपणीही सांगत. दमोहची शाळा संपल्यावर १९३९ साली ते नागपूरच्या कलाशाळेत आले. तेव्हा मंडला, दमोह आणि आपला छिंदवाडा या साऱ्यांची राजधानी नागपूरच होती. १९५६ नंतर जन्मलेल्यांना हे मुद्दाम सांगावे लागते. नागपुरात बापूराव आठवले त्यांचे गुरू झाले. पुढे मुंबईत प्रथम ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी, नंतर जे. जे. स्कूल आणि १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे व गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना.

फाळणीनंतर त्यांची भावंडे पाकिस्तानात गेली; रझा येथेच राहिले. घर दुभंगण्याचा अनुभव त्यांनी पॅरिसला जाण्याआधीच घेतला होता, हे विसरू नये.

फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळून १९५० साली ते पॅरिसला गेले, तेव्हा वय अठ्ठावीस. तरुणपणी ही दोन संस्कृतींची ओढाताण त्यांच्या चित्रांत फारशी दिसत नाही. दिसते ती शिकण्याची भूक. फ्रान्समधील खेडी, घरे, चर्च त्यांनी मनसोक्त रंगविली. १९५६ साली त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा मानाचा पुरस्कार मिळाला, १९५९ साली जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह झाला. नाव झाले, स्थैर्य आले, आणि त्यानंतर त्यांना प्रश्न पडू लागला की, या चित्रांत आपला देश कोठे आहे? आमच्या मते ओढाताणीची खरी वेळ ही. परका माणूस पाय रोवीपर्यंत रडत नाही. पाय रोवल्यावर त्याला आपले अंगण आठवते.

आपल्या जुन्या घराण्यांना हे नवे नाही. भोसल्यांच्या अमदानीत इकडे आलेल्यांचे वंशज आपण घरी मराठी व कचेरीत हिंदी बोलतो. आम्ही सारी शासकीय टिपणे हिंदीत लिहिली, पण रकमेची बेरीज मनातल्या मनात मराठीतच केली. (ती चुकली तरी मराठीतच चुकली!)

रझा भारतात वारंवार येऊ लागले. १९७८ साली मध्यप्रदेश शासनाने त्यांना भोपाळला सन्मानाने बोलाविले. १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांत काळा बिंदू येऊन बसला, तो अखेरपर्यंत हलला नाही. गुरुजींचा तो भिंतीवरचा ठिपका पॅरिसच्या कॅनव्हासवर उमटण्यास जवळपास अर्धे शतक लागले. गंमत अशी की, मांडणीची शिस्त त्यांनी फ्रान्समध्येच मिळविली होती. केवळ मंडल्यात राहून तो ठिपका चित्र झाला असता, असे आम्हांस वाटत नाही.

सर्वांनाच असे लाभते असे मात्र नाही. त्यांचे सहकारी सदानंद बाकरे १९५१ साली लंडनला गेले, १९७५ साली परतले आणि कोकणात मुरूड-हर्णै येथे कलाविश्वापासून दूर राहिले. २००७ साली ते वारले, तेव्हा अनेकांना ते हयात होते हेच ठाऊक नव्हते. बाकऱ्यांसारख्या मराठी शिल्पकाराची ही उपेक्षा आम्हांस अधिक बोचते.

जानीन २००२ साली वारल्या. रझांनी भारतीय नागरिकत्व कधीच सोडले नव्हते. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीस कायमचे परत आले. २३ जुलै २०१६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

आजीबाईंना आम्ही हे थोडक्यात सांगितले. मंडल्याचा एक मुलगा साठ वर्षांनी परत आला, म्हटले.

"साठ?" त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून देवळाच्या पायऱ्या उतरू लागल्या.