लेमाँटचा पूल आणि त्याखालचे दोन कालवे

लेमाँट म्हटले की आपल्या मंडळींना देऊळ आठवते. त्याच परिसरातला ३५५ टोलवेचा पूल मात्र आपण मुलांना न दाखवताच ओलांडतो. सुमारे सव्वा मैल लांबीच्या या पुलाखाली डेस प्लेन्स नदी आणि दोन कालवे आहेत.

पहिला कालवा इलिनॉय-मिशिगन. आपल्यासारख्याच परदेशातून आलेल्या, मुख्यतः आयरिश मजुरांनी १८३६ ते १८४८ या काळात तो ९६ मैल खणला. त्यामुळे मिशिगन सरोवरातून मिसिसिपीपर्यंत जलमार्ग झाला.

दुसरा सॅनिटरी अँड शिप कालवा, २८ मैलांचा. शिकागोचे सांडपाणी नदीतून सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही सरोवराचेच! जानेवारी १९०० मध्ये या कालव्यात पाणी सोडून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शिकागोची सोय झाली, पण घाण निघाली सेंट लुईसच्या दिशेने. मिसूरी राज्याने खटला भरला. साडेतीनशे मैलांच्या प्रवासात टायफॉइडचे जंतू जिवंत राहतात का, यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. पुरावा अपुरा ठरून १९०६ साली मिसूरी सर्वोच्च न्यायालयात हरले. या कालव्यातून आजही मालाचे बार्ज जातात.

आता पुलाकडे वळू. ३५५ रस्ता १९८९ साली सुरू झाला, पण इंटरस्टेट ५५ पाशीच थांबला. दरीच्या उत्तरेला बोलिंगब्रुक आणि आपण, दक्षिणेला लेमाँट व होमर ग्लेन. रस्ता पुढे नेण्याचे ठरले, तेव्हा पर्यावरण अहवाल अपुरा म्हणून १९९७ साली फेडरल न्यायालयाने काम अडवले.

शिवाय या दरीत एक हिरव्या डोळ्यांचा चतुर राहतो, हाइन्स एमराल्ड ड्रॅगनफ्लाय. १९९५ पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. इथल्या खडकात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे कार्बोनेट आहे. त्यातून झिरपलेल्या पाण्याच्या दलदलीत त्याच्या अळ्या चार-पाच वर्षे वाढतात. चतुर बहुधा जमिनीलगत उडतो. त्याची मोटारींशी टक्कर टळावी म्हणून पूल उंच ठेवला. नोव्हेंबर २००७ मध्ये तो खुला झाला.

कालवा खणताना खालच्या गावांना कोणी विचारले नाही. त्यांना कोर्टात जावे लागले. पुलाच्या वेळी मात्र खाली राहणाऱ्या एका किड्याचाही विचार आधी झाला. त्यात दिवस गेले, पण दोन्ही काठ जोडले गेलेच.

पुढच्या वेळी देवळात गेलात की लेमाँट गावात उतरून जुन्या कालव्याकाठच्या पायवाटेने मुलांना जरूर फिरवून आणा.