डोलकाठीवरचा साक्षीदार

सोलापूरला समुद्र नाही. पण आपली ज्वारी पिकते ती समुद्रावरून आलेल्या ओलीवर. 'मान्सून' हा शब्दही अरबी 'मौसिम'चाच वंशज.

१८४६ मध्ये आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी वाऱ्याचा वेग मोजणारी चार वाट्यांची फिरकी केली. तिचीच नात आज शिडाच्या नौकेवर डोलकाठीच्या टोकाला फिरते. शेजारी दिशा सांगणारं पातं.

दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्यानं शिडाच्या नौकेतून ही प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अशा एकट्या खलाशाचा डोळा लागतो, तेव्हा सुकाणू यंत्राच्या हाती असतं. ते यंत्र कललेल्या पात्यावर विसंबलं आणि वारा मागून असला, तर शीड झटक्यानं दुसऱ्या बाजूला फेकलं जातं. डोलकाठीही मोडू शकते.

म्हणून आधी पारख. स्थिर वाऱ्यात नौका वाऱ्याच्या रोखानं सारखीच तिरकी चालवायची. एकदा वारा उजवीकडून घ्यायचा, एकदा डावीकडून. उजवीकडे काटा ३८ अंश, डावीकडे ४२ दाखवत असेल, तर फरकाची निम्मी, म्हणजे दोन अंशांची दुरुस्ती करायची.

एकाच बाजूची साक्ष घेऊन वाऱ्याचाही निवाडा होत नाही.