जात्यापाशी सांगितलेलं दुःख

मुळशीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. तरीही धरण झालं. मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. हा इतिहास नोंदलेला आहे. पण इथल्या बायकांनी आयुष्यातले घाव कसे सोसले, हे जाणायचं तर जात्यापाशी जावं लागतं.

पहाटे दळायला बसायचं, खुंटा धरायचा आणि ओवी म्हणायची, हा रोजचा नेम. लेकराचं मरण, सासरचा जाच, माहेरची ओढ, जे चारचौघांत बोलता येत नसे ते जात्याला सांगितलं जाई. समोर दुसरी बाई असली तर तीही सूर धरी. दुःख सरत नसे, पण त्याला चाल मिळे, सोबत मिळे, पीठही पडे.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी मुळशीसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. त्यांतून या बायका आज बोलताहेत.

गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. जातं परत आणायला नको. मात्र मन मोकळं करण्याची ती रोजची वेळ गिरणीबरोबर गेली. ती आता आपल्यालाच ठरवून राखावी लागेल.